गावाजवळचं कॉलेज की घाटावरचं छोटं लिबरल आर्ट्‌स? एका घरातल्या दोन पदव्यांचा हिशेब

बारावीचा निकाल लागून महिना झाला. आमच्या साडूंची मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला इंजिनिअरिंग नको, नर्सिंग नको, फार्मसीही नको. त्यामुळे त्यांच्या घरात सध्या कुणालाच नीट झोप नाही. गेल्या पंधरवड्यात साडू तीनदा कणकवलीहून देवगडला येऊन गेले. पहिला अर्धा तास पाऊस आणि आंब्याचा भाव यांवर जातो, मग ते हळूच विषय काढतात. "तुम्ही दोन्ही केलंत. काय ते एकदा स्पष्ट सांगा."

दोन्ही केलं हे खरं. थोरला २०१७ साली बारावी झाला आणि गावापासून एस.टी.ने पाऊण तासावर असलेल्या अनुदानित कॉलेजात बी.ए.ला गेला. धाकटी २०२२ साली बारावी झाली आणि घाटावरच्या एका छोट्या खासगी लिबरल आर्ट्‌स कॉलेजात गेली. तिथे एकाच पदवीत वेगवेगळ्या शाखांचे विषय जोडीने शिकवतात. तिची तीन वर्षं झाली, आता चौथं सुरू होईल. दोन्ही संस्थांची नावं घेत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते त्या दोन संस्थांपुरतं नाही. साडूंना तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी राहून गेलं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो आहे. ज्यांच्या घरी आत्ता दोन फॉर्म टेबलावर पडले आहेत त्यांनाही कदाचित उपयोग होईल.

पैशाचं आधी उरकतो, कारण तिथे तुलना करण्यासारखं फारसं नाही. थोरल्याच्या तीन वर्षांची फी, परीक्षा फी, पुस्तकं आणि एस.टी.चा सवलतीचा पास, सगळं मिळून साठ हजारांच्या आत बसलं. धाकटीला शिकवणी फीमध्ये निम्मी माफी मिळाली. तरी वसतिगृह, जेवण आणि उरलेली फी धरून वर्षाला साडेपाच लाख जातात. चौथं वर्ष धरलं तर बावीस-तेवीस लाख होतील. म्हणजे तिच्या एका पदवीत थोरल्याच्या पस्तीसहून जास्त पदव्या आल्या असत्या. हा आकडा मी घरात कुणापासून लपवला नाही, तिच्यापासूनही नाही.

मी पतसंस्थेत नोकरी करतो, त्यामुळे कर्जाचं दोन शब्दांत सांगू शकतो. शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या नियमात चार लाखांपर्यंत तारण-जामीन लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागतं, त्याच्या वर मालमत्ता तारण द्यावी लागते. आणि इथेच आपण कोकणातली माणसं अडकतो. आमच्या कलमबागेच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत. निम्मी परळ-डोंबिवलीत, एक बडोद्यात, तीन वारलेली आणि वारस नोंद न झालेली. आजोबांच्या पश्चात वाटपच झालं नाही. सव्वाशे कलमं आहेत, पण बँकेला दाखवायला एक गुंठाही नाही. म्हणून कर्ज साडेसात लाखांवर थांबलं. बाकीचं माझ्या बायकोच्या भिशीतून, माझ्या ठेवींतून आणि बागेच्या दोन बऱ्या हंगामांतून उभं राहिलं. तिसरा हंगाम अवकाळी पावसाने आणि थ्रिप्स किडीने गेला, त्या वर्षी थोरल्याने हातभार लावला. दोन गोष्टी मात्र घेणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. ते दरमहा भरत गेलात तर शेवटी मान मोकळी राहते. आणि व्याजावर आठ वर्षं मिळणारी प्राप्तिकराची सूट जुन्या करपद्धतीतच आहे, नव्या पद्धतीत नाही.

फीमाफी मिळाली नसती तर मी तिला पाठवलं नसतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज व्हायला नको.

'आर्ट्‌स' या शब्दाने गावात बराच घोळ झाला. बी.ए.साठी एवढे पैसे घालतात का, असं चार जणांनी तोंडावर विचारलं. नाव जुन्या लॅटिनमधून आलेलं आहे. स्वतंत्र नागरिकाला यायला हव्यात अशा ज्या सात विद्या मानल्या गेल्या त्यांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्वाबरोबर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलही होतं. धाकटीचा मुख्य विषय पर्यावरणशास्त्र आहे, जोडीला मानववंशशास्त्र, आणि पहिल्या वर्षी तिला संख्याशास्त्रही करावंच लागलं. ही पद्धत अमेरिकेत मुरलेली आहे. विल्यम्स कॉलेज १७९३चं, ॲम्हर्स्ट १८२१चं. आपल्याकडे ती कालची आहे. पुण्याचं फ्लेम २००७ साली सुरू झालं आणि २०१५ मध्ये विद्यापीठ झालं, सिंबायोसिसची लिबरल आर्ट्‌सची शाळा २०११ची, सोनीपतचं अशोका २०१४चं, आंध्रातलं क्रिया २०१८चं. या तारखा मी मुद्दाम देतो आहे. इथून शिकलेला पन्नाशीचा माणूस अजून आपल्याकडे नाही, की ज्याच्याकडे जाऊन विचारावं, "बाबा रे, आयुष्यात याचा काय उपयोग झाला?" गावाजवळच्या कॉलेजातून शिकून गेलेले मात्र प्रत्येक वाडीत आहेत. निर्णय घेताना ही अडचण मला फीइतकीच मोठी वाटली होती.

थोरल्याच्या कॉलेजाने त्याला बरंच दिलं, आणि ते देणं पैशात मोजता येत नाही. तो घरी राहिला. मोहोरावरच्या फवारण्या, एप्रिलमधली काढणी, रात्री उशिरापर्यंत पेट्या भरणं, यातलं सगळं त्याला येतं, कारण त्या तीनही वर्षी तो झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन आमच्याबरोबर बागेत होता. एन.एस.एस.च्या शिबिरात त्याने बंधारे घातले. त्याचे मित्र आजही हाकेच्या अंतरावर आहेत. कॉलेज दुपारी सुटायचं, त्यामुळे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला वेळ मिळाला. २०२३च्या तलाठी भरतीत तो लागला आणि आता सातबाऱ्यावरची दुसऱ्यांची नावं तोच बघतो. जो मुलगा किंवा मुलगी स्पर्धा परीक्षाच देणार आहे, ज्याचं मन गावात आणि बागेत आहे, त्याने घाट चढायची काही गरज नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

धाकटीचे पहिले सहा महिने वाईट गेले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून सेमी इंग्लिशमध्ये गेलेली, वर्गात बरीचशी मुलं मोठ्या शहरांतल्या इंग्रजी शाळांतली. तिला सगळं कळायचं, पण तोंडातून वाक्य निघेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची. शनिवारी मुली बाहेर जेवायला जायच्या, त्यात हिचा आठवड्याचा खर्च संपायचा, म्हणून ती अभ्यासाचं कारण सांगून खोलीत बसायची. रात्री जिन्यात बसून आईला फोन करायची. माझी आई तर पहिल्या दिवसापासून विरोधात होती. "चेडू येवढ्या लांब जाता, जेवाणखाण कोण बघतला?" दिवाळीला आली तेव्हा ती खरंच वाळलेली होती, आणि आजीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोकणातून शिकायला घाट चढणं जुनंच आहे. मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं होतं. पण आपलं मूल जिन्यात बसून बोलतं तेव्हा असले दाखले आठवून धीर येत नाही.

इथवर तराजू गावाकडेच झुकतो. मीही २०२२च्या मे महिन्यात तिला जवळच्या कॉलेजातच घालायचं असं जवळजवळ ठरवलं होतं. ते फिरलं एका फाईलमुळे. ती फाईल थोरल्याची.

आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कातळशिल्पं आहेत, जमिनीतल्या खडकावर कोरलेली जुनी चित्रं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी पुष्कळ आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, मालवण तालुक्यातलं कुडोपी ही त्यांतली मोठी ठिकाणं. २०२२ साली यांच्यासह नऊ ठिकाणांचा समावेश युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. आमच्याकडची तेवढी मोठी नाहीत. आम्ही लहानपणी तिथे गुरं घेऊन जायचो आणि त्यांना पांडवांची चित्रं म्हणायचो. थोरला पहिल्या वर्षाला असताना इतिहासाच्या एका तरुण शिक्षकांनी वर्गात या चित्रांबद्दल सांगितलं आणि याला म्हणाले, तुझ्या गावात असतील तर मोजून आण. एवढं एक वाक्य पुरलं. दुसऱ्या वर्षी पाऊस ओसरून गवत वाळल्यावर हा रोज सकाळी टेप, दोरी आणि खडू घेऊन सड्यावर जायला लागला. चौदा आकृत्या मोजल्या, आलेखाच्या कागदावर प्रमाणात काढल्या, कातळ कुठे मऊ आहे आणि कुठे कठीण, कोरलेल्या रेषेची खोली किती, सगळं लिहिलं. अडुसष्ट पानं, हाताने लिहिलेली. मी त्याला दहावीतसुद्धा इतकं मन लावून बसलेलं पाहिलं नव्हतं.

पण ज्यांनी हे काम सांगितलं ते शिक्षक दुसऱ्या वर्षी नव्हते. ते तासिका तत्त्वावर होते. सी.एच.बी. म्हणतात त्याला. नेमणूक दर वर्षी नव्याने, तीही कॉलेज सुरू होऊन दोन-तीन महिने उलटल्यावर, आणि जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. त्यांच्या जागी दुसरे आले, तिसऱ्या वर्षी तिसरे. दुसऱ्यांना हा विषय माहीत नव्हता. तिसरे सकाळी इथे तास घेऊन दुपारची गाडी पकडून दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजात जायचे. या तिघांपैकी कुणालाही मी दोष देणार नाही. सुट्टीत ज्याच्या हातात पगार पडत नाही त्या माणसाने अडुसष्ट पानं वाचावीत, अशी अपेक्षा मी कुठल्या तोंडाने करू? पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, याचा भार शेवटी त्या एस.टी.च्या थांब्यावर उभ्या असलेल्या शिक्षकावर आणि माझ्या मुलावर पडला.

फाईल जमा झाली. अंतर्गत मूल्यमापनाच्या वीसपैकी अठरा मार्क आले. आम्ही खूश झालो. मग २०२० सालची टाळेबंदी, निकाल, सगळं लांबलं, आणि तो दाखला आणायला गेला तेव्हा कपाटातून फाईल परत मिळाली. पहिल्या पानावर कॉलेजचा गोल शिक्का, तारीख आणि सही. आतल्या सदुसष्ट पानांवर एकही खूण नाही. बरोबरची नाही, चुकीची नाही, प्रश्नचिन्ह नाही.

वर्ष-दीड वर्षाने तलाठी परीक्षेसाठी नकाशावाचन करताना त्याने स्वतःच ती फाईल पुन्हा उघडली. एकतिसाव्या पानावर, सगळ्यात मोठ्या आकृतीच्या रेखाटनात, उत्तर दिशेचा बाण उलटा काढला होता. पुढच्या चार आकृत्यांची मांडणी त्या बाणावरून केलेली, म्हणजे तीही उलटी. कुणी पान उघडलं असतं तर पहिल्या मिनिटात दिसलं असतं. त्याला अठरा मार्क मिळाले आणि उत्तर दिशा चुकलेलीच राहिली.

धाकटीच्या प्रवेशाची बोलणी चालली होती त्या रात्री तो आतून ती फाईल घेऊन आला, एकतिसावं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, तिला पाठवा. लिहिलेलं वाचतील अशा ठिकाणी पाठवा. माझे पैसे लागले तर मी देईन." तेव्हा त्याला नोकरीही लागली नव्हती.

माझ्या दृष्टीने या दोन पद्धतींतला खरा फरक हा एवढाच आहे. एकीकडे मार्क परत येतात, लिहिलेलं परत येत नाही. परीक्षेची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधली जाते आणि कुठेतरी तपासली जाते. अर्ज करून, फी भरून तिची छायाप्रत मागता येते, पण ती मार्कांच्या तक्रारीसाठी. आपलं वाक्य कुठे लंगडं पडलं हे कळावं म्हणून ती कुणी मागवत नाही आणि तशी खूण त्यात नसतेही. तीन वर्षांत माझ्या मुलाने काही शे पानं लिहिली असतील. त्याच्या लिहिण्यात काय बरं आहे आणि काय चुकतं, हे त्याला एकदाही कुणी सांगितलं नाही.

धाकटीचा पहिला निबंध पाच पानांचा होता. विषय स्वतः निवडायचा होता, तिने आचऱ्याची गावपळण घेतली, कारण माझ्या आईचं माहेर आचऱ्याचं. ग्रामदैवताचा कौल मिळाला की सगळं गाव माणसं, गुरं, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर पडतं, तीन रात्री झोपड्यांत काढतं आणि पुन्हा कौल घेऊनच परततं, हे तिने चांगलं लिहिलं होतं. शेवटी नेहमीचं स्पष्टीकरण दिलं होतं: गावाला विश्रांती मिळते, हवा शुद्ध होते, रोगराई जाते, पूर्वजांची ही शास्त्रीय दृष्टी होती. निबंध अकराव्या दिवशी परत आला. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात खुणा, आणि शेवटच्या परिच्छेदाखाली रेघ मारून प्रश्न, "हे कारण कोण सांगतं? गावातलं माणूस की बाहेरचं? तू कुणाला विचारलंस?"

तिने कुणालाच विचारलं नव्हतं. ती रडली, चिडली, मला फोन करून म्हणाली की सगळ्या लेखांत हेच कारण दिलेलं असतं. मग दिवाळीच्या सुट्टीत आजीजवळ बसली. आजीने लहानपणची गावपळण सांगितली: वेशीबाहेरचं रांधप, रात्रीची फुगडी, झोपडीत झोप न लागणं. आणि कारण विचारल्यावर एवढंच म्हणाली, "देवाचो हुकूम. आनी कारन कित्याक होया?" हवा शुद्ध करण्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. धाकटीने निबंध दुसऱ्यांदा लिहिला, तोही परत आला, तिसऱ्यांदा लिहिला. तिसऱ्यात तिने मांडलं की स्वच्छतेचं कारण नंतर, बहुधा बाहेरच्यांना पटावं म्हणून जोडलं गेलं असावं, आणि गावातल्या जुन्या माणसाला त्याची गरजच वाटत नाही. हे बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही. पण ती पाच पानं मी वाचली, आणि त्यांतलं एकही वाक्य उसनं नव्हतं.

त्या वर्गात बावीस मुलं होती. शिकवणाऱ्या बाईंची खोली होती, दारावर भेटीची वेळ लिहिलेली होती, आणि त्या वेळेला त्या खरंच तिथे बसायच्या. पहिल्या सहा महिन्यांत जी मुलगी वर्गात बोलू शकत नव्हती ती त्या खोलीत बोलायला शिकली. मराठीत सुरुवात करून, मग हळूहळू इंग्रजीत. बाई अमराठी होत्या तरी थांबून ऐकायच्या. तिच्यातला हा बदल मी डोळ्यांनी पाहिला म्हणून सांगतो. माझ्याकडे दोन मुलं आहेत, दोनशे नाहीत, त्यामुळे याला मोजमाप म्हणू नका.

दुसरी बाजूही सांगायला हवी. छोटं असणं ही ताकद आहे तशी जोखीमही आहे. सिंगापूरमध्ये अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि तिथलं राष्ट्रीय विद्यापीठ यांनी मिळून येल-एनयूएस नावाचं लिबरल आर्ट्‌स कॉलेज काढलं होतं. नाव झालं, जगभरातून मुलं आली, आणि २०२१ साली ते बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याची शेवटची तुकडी २०२५ मध्ये बाहेर पडली. एवढ्या मोठ्या घराण्यांची ही गत, तर आपल्याकडच्या एखाद्या ट्रस्टने पाच वर्षांपूर्वी काढलेल्या कॉलेजाचं काय, हा प्रश्न जरूर विचारा. धाकटीच्या कॉलेजातही संख्याशास्त्राचे सर मध्येच सोडून गेले आणि चार महिने तो विषय रेंगाळला. विषय मोजकेच आहेत. तिला समुद्रजीवशास्त्र हवं होतं, ते तिथे नाहीच. त्यासाठी आपलं रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय शंभर पटीने बरं. फी दर वर्षी वाढते. नोकरीचं म्हणाल तर कंपन्या इंजिनिअर घ्यायला येतात तशा रांगा इथे लागत नाहीत. उन्हाळ्यात तिने दोन ठिकाणी काम केलं, एका ठिकाणी काही मिळालं नाही, दुसऱ्या ठिकाणी खोलीभाडं निघालं. आणि मे अखेरपर्यंत सत्र चालतं, त्यामुळे तीन वर्षं झाली, ती आंब्याच्या काढणीला घरी नाही. तिच्या आईला हे फार लागतं.

गावाजवळची कॉलेजंही थोरल्याच्या वेळी होती तशी राहिलेली नाहीत. नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांत आलं. मुख्य विषय, दुय्यम विषय, दुसऱ्या शाखेतला खुला विषय, तीन वर्षांनी पदवी, हवं तर चौथं वर्ष करून ऑनर्स. साडूंच्या मुलीला जवळच्या कॉलेजातही कागदावर जवळपास तेच मिळेल जे धाकटी घाटावर करते आहे. कागदावर म्हणतो, कारण दुय्यम विषयांच्या यादीतले किती विषय प्रत्यक्ष शिकवले जातात हे तिथे माणसं किती आहेत यावर ठरतं. मी चौकशी केली त्या एका ठिकाणी यादीत सहा विषय होते आणि वेळापत्रकात दोन. पण तुमच्या मुलीला हव्या त्या विषयाचे पूर्णवेळ प्राध्यापक जवळच्या कॉलेजात असतील आणि ते पुढची तीन वर्षं तिथेच असणार असतील, तर माझा अर्धा युक्तिवाद गळून पडतो. अशी माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत. एखाद्या विषयाला आयुष्य वाहिलेला एक शिक्षक तालुक्याच्या गावी मिळाला, तर त्याच्यासाठी मी बावीस लाख वाचवीन आणि मुलगी घरी ठेवीन.

म्हणून साडूंना मी सांगितलं की माहितीपत्रक, इमारत, तलाव, कुठल्या परदेशी विद्यापीठाशी करार आहे, यातलं काही बघू नका. दोन्ही ठिकाणी जा. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठा, तिला शेवटचा तपासून आलेला निबंध दाखवायला सांगा. समासात काही लिहिलंय का बघा. मग कार्यालयात विचारा की हा विषय शिकवणारी व्यक्ती किती वर्षांपासून इथे आहे आणि कशा नेमणुकीवर आहे. महागड्या कॉलेजातही या दोन प्रश्नांची उत्तरं चांगली आली नाहीत तर पैसे घेऊन घरी परत या; चकचकीत वर्गात न वाचलेला निबंध सड्यावरच्या फाईलपेक्षा बरा नाही, आणि त्याला पस्तीस पट किंमत मोजायची नाही. उत्तरं चांगली आली, फी निदान निम्मी माफ झाली, आणि मुलीला लिहायची, विचारायची हौस असली, तर मी पुन्हा पाठवीन. सातबाऱ्यावर तेवीस नावं असली तरी पाठवीन.

साडूंचं अजून ठरलेलं नाही. त्यांची मुलगी परवा स्वतः आली. तिला मी थोरल्याची फाईल आणि धाकटीचे तीन खर्डे, दोन्ही दिलं. ती पडवीत बसून बराच वेळ वाचत होती, एकतिसाव्या पानावर थांबली, मग दोन्ही पिशवीत घालून कणकवलीच्या गाडीने गेली. संध्याकाळी थोरला घरी आल्यावर त्याने आधी फाईल कुठे आहे ते विचारलं आणि तिला फोन लावला. गणपतीपर्यंत परत आण म्हणाला. गवत वाळलं की त्याला धाकटीला घेऊन सड्यावर जायचं आहे, त्या पाच आकृत्या पुन्हा मोजायला.